कारण लिहून द्या

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातले कुंभार पिंपळगाव हे आसपासच्या खेड्यांच्या बाजाराचे गाव. या तालुक्याच्या एका अंगाला परतूर, दुसऱ्या अंगाला अंबड, आणि दक्षिणेला गोदावरी ओलांडली की बीड जिल्ह्यातले माजलगाव. नागरिकाचे स्वातंत्र्य कुठवर आणि सरकारची सत्ता कुठवर, हा प्रश्न समजून घ्यायला इथल्या माणसाला दिल्ली-मुंबईकडे पाहण्याची गरज नाही. शेजारच्या या तीन तालुक्यांतल्या तीन घटना पुरेशा आहेत. १९३७ साली निजामी राजवटीत परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. २०२० साली माजलगावात शांततेने धरणे धरू पाहणाऱ्यांना परवानगी नाकारली गेली आणि उच्च न्यायालयाने तो नकार रद्द केला. २०२३ साली अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत उपोषणाच्या जागी लाठीमार झाला. तिन्ही वेळी मागणी वेगळी होती, माणसे वेगळी होती, राज्यकर्तेही वेगळे होते. तरी या तिन्हींतून हाती लागणारी गोष्ट एकच आहे. लोकांच्या बोलण्यावर आणि जमण्यावर बंधन घालण्याची वेळ सरकारवर येऊ शकते; पण ते बंधन का घातले, कुठे घातले आणि किती दिवसांसाठी घातले, हे सरकारने लिहून दिले पाहिजे, ते लोकांना वाचायला मिळाले पाहिजे, आणि त्याविरुद्ध दाद मागता आली पाहिजे. यातले एक जरी गळाले, तरी सत्तेला हद्द उरत नाही.

राज्यघटनेची रचना याच विचाराची आहे. कलम १९ नागरिकाला भाषणाचे, अभिव्यक्तीचे आणि शस्त्राविना शांततेने जमण्याचे स्वातंत्र्य देते. त्याच कलमात भाषण-अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य कोणत्या कारणांसाठी मर्यादित करता येईल तेही सांगितले आहे: देशाचे सार्वभौमत्व व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता व नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी आणि गुन्ह्याला चिथावणी. यादी इथे संपते. सरकारची नाचक्की होईल, मंत्र्यांच्या दौऱ्यात अडचण येईल, अधिकाऱ्याला त्रास होईल, अशी कारणे तीत नाहीत. शिवाय बंधन ‘वाजवी’ असले पाहिजे अशी अट आहे. सार्वजनिक सुव्यवस्था म्हणजे काय, हेही सर्वोच्च न्यायालयाने १९६५ साली राममनोहर लोहिया यांच्या खटल्यात उलगडून सांगितले. एकात एक अशी तीन वर्तुळे कल्पावीत: सर्वांत मोठे कायदा व सुव्यवस्थेचे, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचे, आणि सर्वांत आत राज्याच्या सुरक्षिततेचे. प्रत्येक भांडण कायदा मोडते, पण प्रत्येक भांडणाने समाजाची घडी विस्कटत नाही. एखादी सभा किंवा मोर्चा नेमक्या कोणत्या वर्तुळात बसतो, हे सांगण्याची जबाबदारी बंधन घालणाऱ्यावर आहे. ते सांगायचे तर कारण लिहावेच लागते.

मराठवाड्याला याची किंमत इतर महाराष्ट्राआधी कळायला हवी, कारण परवानगीचे राज्य काय असते हे या भागाने भोगले आहे. निजामाच्या हैदराबाद संस्थानात १९२० च्या दशकात सभाबंदीचे हुकूम निघाले. त्यांतला ‘गश्ती निशान ५३’ सर्वांत कुप्रसिद्ध. सभा घ्यायची तर आधी परवानगी हवी, आणि ती द्यायची की नाही हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर. त्यामुळे संस्थानातल्या प्रजेला आपल्या राजकीय परिषदा संस्थानाबाहेर भरवाव्या लागल्या: १९२३ मध्ये काकीनाडा, १९२६ मध्ये मुंबई, १९२८ मध्ये पुणे, १९३१ मध्ये अकोला. स्वतःच्या घराविषयी बोलायला परक्या अंगणात जावे लागावे, अशी ती अवस्था. १९३७ च्या परतूर अधिवेशनाचे महत्त्व त्यामुळेच मोठे. गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली मराठवाड्यातली माणसे मराठवाड्यातच जमली. पुढच्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तिची रीतसर स्थापना होण्याआधीच बंदी आली, आणि ती १९४६ पर्यंत राहिली. हुकूम निजामाकडेही कागदावरच होते, हे लक्षात घेतले पाहिजे. त्या कागदांवर तपासता येईल असे कारण नव्हते, आणि असते तरी ते तपासून हुकूम रद्द करणारे कोणी नव्हते. जी संघटना अजून जन्मलीच नाही तिच्या हातून कोणता गुन्हा घडला, असे विचारण्याची सोयच त्या राज्यात नव्हती.

प्रजासत्ताकात ती सोय आहे, आणि ती चालते कशी हे माजलगावच्या प्रकरणात दिसते. जानेवारी २०२० मध्ये नागरिकत्व सुधारणा कायद्याला विरोध म्हणून तिथल्या काही नागरिकांना जुन्या ईदगाह मैदानावर शांततेने धरणे धरायचे होते. पोलिसांनी परवानगी नाकारली. आधार दिला तो बीडच्या अतिरिक्त जिल्हादंडाधिकाऱ्यांनी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली काढलेल्या मनाई आदेशाचा. असे आदेश आपल्याकडे वर्षभर निघत असतात. सणवार, निवडणूक, जयंती, आंदोलन, काहीही निमित्त असले तरी वर्तमानपत्रात दोन ओळींची बातमी येते आणि कोणी ती वाचत नाही. माजलगावकरांनी मात्र आदेश घेऊन मुंबई उच्च न्यायालयाचे औरंगाबाद खंडपीठ गाठले. न्यायमूर्ती टी. व्ही. नलावडे आणि एम. जी. सेवलीकर यांनी तो बारकाईने वाचला. वरवर पाहता आदेश सगळ्यांना लागू होता, पण त्यातल्या मजकुरावरूनच त्याचा रोख एका कायद्याला विरोध करणाऱ्यांवर आहे, असे न्यायालयाला दिसून आले. १३ फेब्रुवारी २०२० रोजी मनाई आदेश आणि पोलिसांचा नकार दोन्ही रद्द झाले. एखाद्या कायद्याला विरोध करतात एवढ्यावरून कोणाला देशद्रोही ठरवता येणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. इथे निर्णायक ठरली ती एक साधी बाब: आदेश लिहिलेला होता, म्हणूनच त्यातला हेतू पकडता आला. ‘परवानगी नाही, जा’ एवढेच तोंडी सांगितले असते, तर न्यायाधीशांसमोर वाचायला काहीच नसते.

त्याच्या नेमके उलट चित्र अंतरवाली सराटीत उभे राहिले. मराठा आरक्षणासाठी मनोज जरांगे पाटील यांनी २९ ऑगस्ट २०२३ पासून तिथे उपोषण सुरू केले होते. १ सप्टेंबरला प्रकृतीच्या कारणाने त्यांना हलवण्याचा प्रयत्न झाला, आणि पोलीस व जमाव यांच्यात संघर्ष पेटून लाठीमार झाला. पोलिसांवर दगडफेक झाली, पोलीसही मोठ्या संख्येने जखमी झाले, असे प्रशासनाने सांगितले. बायकामुलांनाही मारले, असे गावकऱ्यांनी सांगितले. जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना सक्तीच्या रजेवर पाठवण्यात आले आणि तीन दिवसांनी तेव्हाचे गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी माफी मागितली. पण ‘आदेश कोणी दिला?’ हा प्रश्न पुढे कित्येक दिवस सभांतून आणि पत्रकार परिषदांतून गाजत राहिला. विरोधक मंत्रालयाकडे बोट दाखवत होते, सरकार ते नाकारत होते. जमाव पांगवण्यासाठी बळ वापरण्याचा अधिकार कायद्याने पोलिसांना दिलेला आहे. आधी पांगण्याचा हुकूम, मग गरजेपुरते बळ, असा त्याचा क्रमही ठरलेला आहे. तो क्रम पाळला की नाही, कोणत्या अधिकाऱ्याने कोणत्या क्षणी काय पाहून निर्णय घेतला, याची नोंद लोकांसमोर आली असती, तर तो प्रश्न राजकीय आरोपांत वाहून गेला नसता. सत्तेने कारण नोंदवले नाही की खरा दोषी सुटतो, आणि निर्दोष अधिकाऱ्यावरचा संशयही फिटत नाही.

बळापेक्षा शांत, पण परिणामाने व्यापक असे दुसरे हत्यार म्हणजे इंटरनेट बंदी. नोव्हेंबर २०२३ च्या सुरुवातीला आणि पुन्हा २६ फेब्रुवारी २०२४ रोजी जालना जिल्ह्यातली मोबाइल इंटरनेट सेवा बंद ठेवण्यात आली. घनसावंगी तालुक्यासारख्या भागात मोबाइल म्हणजेच इंटरनेट. ते बंद झाले की अफवा थांबते का, हे कोणी मोजत नाही. पण दुकानातला यूपीआय व्यवहार, ऑनलाइन अर्ज, बँकेचा ओटीपी, विद्यार्थ्याचा अभ्यास, बाहेरगावी असलेल्या मुलाची खुशाली, हे सगळे त्याच क्षणी थांबते. अफवेला उत्तर देणारी खरी बातमीही थांबते. सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी काश्मीर टाइम्सच्या संपादक अनुराधा भसीन यांच्या याचिकेवर निकाल देताना याबाबतचे नियम घालून दिले: बेमुदत बंदी चालणार नाही, बंदी गरजेच्या प्रमाणात असली पाहिजे, आणि आदेश प्रसिद्ध केलाच पाहिजे, म्हणजे नागरिकाला त्याला आव्हान देता येईल. २०१७ च्या नियमांनुसार आदेशात कारणे लिहिणे आणि आढावा समितीने पाच कामकाजी दिवसांत तो तपासणे बंधनकारक होते. २०२४ च्या नव्या नियमांतही कारणे, प्रसिद्धी आणि पंधरा दिवसांची कमाल मुदत आहे. पण २०१७ चे नियम लागू असतानाच डिसेंबर २०२१ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने अहवाल दिला, तेव्हा देशभरातल्या इंटरनेट बंदीच्या आदेशांची नोंद केंद्राकडे ठेवलीच जात नसल्याचे समोर आले. उपाय किती वेळा वापरला हेच जिथे नोंदलेले नाही, तिथे तो उपयोगी पडला असे कोणत्या आधारावर म्हणायचे?

यावर पहिला आक्षेप प्रशासनाचा असतो, आणि तो हलका नाही. जाळपोळ सुरू असताना कारणे लिहीत बसायला वेळ कुणाला? ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस माजलगावात आमदाराचे घर पेटवले गेले. २६ फेब्रुवारी २०२४ रोजी घनसावंगी तालुक्यातल्याच तीर्थपुरीत एसटी बस जाळली गेली. अशा वेळी जिल्हाधिकाऱ्याने हातावर हात ठेवून बसावे असे कोणी म्हणणार नाही. पण त्याच दिवशीचा अंबड तालुक्यातला संचारबंदीचा आदेश या आक्षेपाला उत्तर देतो. जरांगे यांनी मुंबईकडे निघण्याची घोषणा केली आहे, अंतरवाली सराटीत मोठी गर्दी जमेल, महामार्गावरची वाहतूक अडेल, अशी कारणे त्या आदेशात होती. तो एका तालुक्यापुरता होता. दवाखाने, दूध, शाळा, माध्यमे यांना त्यातून वगळले होते. ती कारणे पुरेशी होती का, यावर वाद घालता येईल. पण वाद घालता येतो, तो कारणे लिहिली होती म्हणून. म्हणजे घाईच्या दिवशीही हे जमते. कायद्यालाही घाई माहीत आहे. जमावबंदीचे पूर्वीचे कलम १४४, आताचे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६३, तातडीच्या प्रसंगी समोरच्याचे न ऐकता एकतर्फी आदेश काढू देते. पण आदेश लेखी हवा, त्यात प्रकरणाची वस्तुस्थिती नमूद हवी, आणि त्याची मुदत साधारण दोन महिन्यांपलीकडे जाता कामा नये, या अटी ते सोडत नाही. अधिकाऱ्याने जे पाहून निर्णय घेतला तेच कागदावर उतरवायचे असते. त्याला वेळ लागत असेल, तर मुळात पाहिलेच काय होते, अशी शंका येते.

दुसरा आक्षेप अधिक खोलवरचा आहे. स्वातंत्र्याच्या नावाखाली जातीजातींत विष कालवले जाते, मग सरकारने गप्प बसावे का? जालना जिल्ह्याइतकी या प्रश्नाची धग क्वचितच कुठे जाणवली असेल. जून २०२४ मध्ये अंतरवाली सराटीपासून जवळच, वडीगोद्रीत, ओबीसी आरक्षणाच्या रक्षणासाठी लक्ष्मण हाके आणि नवनाथ वाघमारे यांनी उपोषण केले. एकाच तालुक्यात परस्परविरोधी मागण्यांची दोन आंदोलने. लेखी कारणाची खरी गरज अशा ठिकाणीच भासते. सरकारने एका मंडपाला परवानगी दिली आणि दुसऱ्याला नाकारली, तर दोन्ही कागद शेजारी ठेवून लोक विचारू शकतात की कारण सारखे असताना निर्णय वेगळा का. कारण न सांगणारी सत्ता आज एका समाजाच्या बाजूची वाटेल, उद्या दुसऱ्याच्या. भरवसा कोणालाच ठेवता येत नाही. चिथावणीखोर बोलण्याविरुद्ध कायदे आहेत आणि ते वापरलेही पाहिजेत. मात्र टीका आणि चिथावणी यांत फरक आहे, हे न्यायालयांना महाराष्ट्रातल्याच प्रकरणांत पुन्हा पुन्हा सांगावे लागले. २०१२ साली पालघरच्या दोन तरुणींना मुंबई बंदविषयीच्या फेसबुक मजकुरावरून अटक झाली; त्या प्रकारातून उभ्या राहिलेल्या याचिकेवर २०१५ साली माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ घटनाबाह्य ठरले, कारण त्यातले शब्द इतके ढोबळ होते की काहीही त्यात बसवता येई. मार्च २०२१ मध्ये नागपूर खंडपीठाने सांगितले की सदस्याने टाकलेल्या मजकुराला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा अ‍ॅडमिन, त्याचा समान हेतू दिसल्याखेरीज, जबाबदार नाही. मार्च २०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकावर व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवरून दाखल झालेला गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. या साऱ्यांना अखेर न्याय मिळाला. पण अटक, चौकशी आणि वर्षानुवर्षांच्या तारखा हीच शिक्षा त्यांनी आधी भोगली होती.

तिसरा आक्षेप सामान्य माणसाचा: आंदोलकांचे स्वातंत्र्य खरे, पण रस्त्यात अडकलेल्या रुग्णाचे काय? त्याचाही हक्क तेवढाच आहे, आणि म्हणूनच स्थळ, वेळ, संख्या यांच्या मर्यादा न्यायालये मान्य करतात. ऑगस्ट २०२५ अखेर जरांगे यांचे आंदोलन मुंबईच्या आझाद मैदानावर पोहोचले, तेव्हा परवानगी पाच हजार जणांपुरती आणि ठरावीक मुदतीची होती. त्या अटी मोडल्या गेल्या, दक्षिण मुंबई अडली, तेव्हा याच मुंबई उच्च न्यायालयाने आंदोलकांना खडसावून जागा रिकामी करायला सांगितले. माजलगावात लोकांच्या बाजूने आणि मुंबईत शिस्तीच्या बाजूने, यात विसंगती नाही. दोन्हीकडे न्यायालयाने अटी काय होत्या आणि त्या कशासाठी होत्या, हेच पाहिले. १९७२ साली हिम्मतलाल शहा विरुद्ध अहमदाबादचे पोलीस आयुक्त या खटल्यात घटनापीठानेही हेच तत्त्व मांडले होते: रस्त्यावरच्या सभांचे नियमन सरकार करू शकते, पण परवानगी देण्याची किंवा नाकारण्याची अमर्याद मुभा अधिकाऱ्याच्या हाती सोपवणारा नियम टिकणार नाही.

उरला तो आक्षेप थकव्यातून येतो: हे कागद वाचणार कोण, आणि खंडपीठाची पायरी चढणार कोण? मराठवाड्याने तरी कागदाला कमी लेखू नये. कुणबी नोंदींसाठी निजामकाळातली दप्तरे उघडली गेली, २ सप्टेंबर २०२५ चा शासन निर्णय हैदराबाद गॅझेटच्या आधारावर निघाला. कित्येक दशकांपूर्वी कुणा कारकुनाने लिहिलेली ओळ आज घराघराच्या हक्काचा प्रश्न झाली आहे. आदेशाचेही तसेच. तो हजारांनी वाचावा लागत नाही. एक वकील, एक वार्ताहर, एक चौकस तरुण पुरतो. आणि प्रत्येक वेळी खंडपीठापर्यंत जावेच लागते असेही नाही. कलम १६३ खालच्या आदेशाने बाधित झालेली व्यक्ती तो काढणाऱ्या दंडाधिकाऱ्याकडेच रद्द करण्याचा अर्ज देऊ शकते; त्याने तिला लवकर म्हणणे मांडू दिले पाहिजे आणि अर्ज फेटाळायचा तर कारणे लिहिली पाहिजेत. माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ सांगते, की प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तीला कळवणे ही कार्यालयाची जबाबदारी आहे. आणि प्रश्न जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा असेल तर मागितलेली माहिती ४८ तासांत द्यावी लागते. अटकेबाबत सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये, महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, सांगितले की गुन्हा कोणताही असो, अटकेची कारणे त्या व्यक्तीला समजणाऱ्या भाषेत लेखी दिली पाहिजेत. कुंभार पिंपळगावच्या माणसाला याचा अर्थ मराठीत, कागदावर.

विधिमंडळाने जुलै २०२५ मध्ये मंजूर केलेल्या महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयकाकडेही याच कसोटीने पाहावे. रोख कडव्या डाव्या संघटनांवर आहे, सामान्य आंदोलकांवर नाही, असे सरकार सांगते. व्याख्या इतक्या सैल आहेत की उद्या कोणतीही संघटना त्यांत ओढता येईल, असे विरोधक सांगतात. संयुक्त समितीकडे बारा हजारांहून अधिक सूचना आणि हरकती आल्या, यावरून शंका किती खोल आहे ते दिसते. सरकारचा आजचा हेतू चांगला असेलही, पण कायदा हेतूवर चालत नाही, शब्दांवर चालतो, आणि आजच्या सरकारने घेतलेला अधिकार उद्याच्या सरकारच्या हाती आयता जातो. ज्यांना आपले सरकार सत्तेत असताना असे अधिकार सोयीचे वाटतात, त्यांनी आपण विरोधात बसलो आहोत अशी कल्पना करून ते पुन्हा वाचावेत. पुढच्या वेळी गावात जमावबंदी लागेल, सभेची परवानगी नाकारली जाईल किंवा मोबाइलवरचे इंटरनेट अचानक थांबेल, तेव्हा आपल्याला ती मागणी पटो वा न पटो, तहसील कार्यालयात किंवा पोलीस ठाण्यात जाऊन आदेशाची प्रत मागा. त्यावर सही कोणाची, कारण काय, हद्द कोणती, मुदत किती, एवढे चार प्रश्न विचारा. उत्तरे मिळाली तर सरकारने आपले काम केले. न मिळाली तर तेच प्रश्न अर्जात लिहा आणि पोच घेऊन या.